हेडर फायलींची टक्कर: क्रम बदलावा, वेगळी फाइल करावी की स्वतःची प्रत बाळगावी?

पुण्यात हिंजवडी-खराडीतल्या मोठ्या कंपन्यांपासून भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या चार-पाच जणांच्या गटांपर्यंत लिनक्सवर चालणारी सिस्टिम साधने लिहिणारे बरेच लोक आहेत. कोणी गेटवेवरचे नेटवर्क तपासणारे साधन लिहितो, कोणी डिस्क माउंट करणारे, तर कोणी सिरियल पोर्टवरून कारखान्यातल्या यंत्राशी बोलणारे. या सर्वांना कधी ना कधी एकच अडचण येते. कालपर्यंत सुरळीत बिल्ड होणारा कोड नव्या डिस्ट्रिब्युशनवर किंवा बोर्डाच्या टूलचेनवर (त्या बोर्डासाठी कोड बांधणाऱ्या कंपायलर-लायब्ररींच्या संचावर) नेला की कंपायलर 'रीडेफिनिशन', म्हणजे एकाच नावाची दोनदा व्याख्या, अशी तक्रार करतो, आणि ज्या ओळीकडे तो बोट दाखवतो ती ओळ आपण लिहिलेलीच नसते. यावर जे उपाय रूढ आहेत त्यांपैकी बहुतेक त्या दिवसापुरते चालतात. फरक पडतो तो पुढच्या आवृत्तीला, पुढच्या बोर्डाला आणि आपल्यानंतर तो कोड हाती घेणाऱ्या माणसाला. निवड करायची आहे त्याच्यासाठी हे उपाय शेजारीशेजारी ठेवून पाहणे हा या लेखाचा हेतू आहे. माझा कल आरंभीच सांगतो: बहुतेक लहान गटांनी कर्नलचे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे) हेडर, म्हणजे व्याख्या पुरवणाऱ्या '.एच' फायली, एका वेगळ्या सी फाइलमध्ये कोंडावेत, आणि ज्यांना कर्नलच्या अगदी नव्या सुविधा हव्या आहेत त्यांनी हेडरची स्वतःची प्रत बाळगावी.

टक्कर का होते हे नीट समजले की निवड निम्मी सोपी होते. एकाच गोष्टीच्या व्याख्येचे दोन मालक आहेत. कर्नल आपल्या बाहेरच्या जगासाठीच्या व्याख्या 'लिनक्स/' आणि 'एएसएम/' या फोल्डरांतल्या हेडरमध्ये ठेवतो. यांनाच यूएपीआय (वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमसाठीचे) हेडर म्हणतात, आणि २०१२ मध्ये आलेल्या ३.७ या आवृत्तीपासून ते कर्नलच्या अंतर्गत हेडरपासून वेगळ्या फोल्डरात ठेवले जातात. दुसरीकडे सी लायब्ररी, मग ती ग्लिबसी असो वा मसल, पॉसिक्स या मानकाने आणि जुन्या युनिक्स परंपरेने ठरवून दिलेल्या नावांचे स्वतःचे हेडर पुरवते: 'नेट/इफ.एच', 'टर्मिऑस.एच', 'सिस/माउंट.एच' वगैरे. सिस्टिम साधनाला अनेकदा दोन्हींची गरज पडते, कारण लायब्ररीला सगळे सिस्टिम कॉल आणि सगळे फ्लॅग ठाऊक नसतात, आणि नुसत्या कर्नलच्या हेडरवर 'प्रिंटएफ' सुद्धा मिळत नाही. दोघांनी एकाच नावाची रचना (स्ट्रक्ट) घोषित केली की कंपायलर अडतो, आणि त्याने अडणे योग्यच आहे.

या दोन मालकांमध्ये तडजोडीचा प्रयत्न झालेला आहे. २०१३ मधल्या ३.१२ या कर्नलपासून 'लिनक्स/लिबसी-कॉम्पॅट.एच' नावाची फाइल आहे; ग्लिबसीचा संबंधित हेडर आधीच आलेला आहे का हे ती त्याच्या गार्ड मॅक्रोवरून (हेडर येऊन गेल्याच्या खुणेवरून) ओळखते, आणि आला असेल तर कर्नलच्या बाजूची व्याख्या गाळते. ही सोय कामाची आहे, पण ती मुख्यतः एकाच दिशेने काम करते. 'नेट/इफ.एच' आधी आणि 'लिनक्स/इफ.एच' नंतर असेल तर बिल्ड होते. उलट क्रमात होत नाही, कारण ग्लिबसीचा 'नेट/इफ.एच' कर्नलचा हेडर आधी येऊन गेला का हे पाहत नाही. शिवाय ही ओळख ग्लिबसीचा मॅक्रो पाहून होते. मसल वापरणाऱ्या अल्पाइन डिस्ट्रिब्युशनवर किंवा बिल्डरूट या बोर्डासाठी लिनक्स बांधणाऱ्या साधनात मसल निवडलेल्या बोर्डावर तो मॅक्रोच नसतो, आणि मग जुन्या आवृत्त्यांच्या जोडीत 'नेटइनेट/इफ_ईथर.एच' आणि 'लिनक्स/इफ_ईथर.एच' एकत्र आले की 'स्ट्रक्ट एथएचडीआर' दोनदा घोषित झाल्याची तक्रार येते. ही विशिष्ट तक्रार नंतर दोन्ही बाजूंनी मिळून मिटवली, पण जुनी टूलचेन वापरणाऱ्याला ती आजही भेटते.

आधी निदान

उपाय निवडण्यापूर्वी संदेश शेवटपर्यंत वाचावा. 'रीडेफिनिशन'च्या ओळीखाली जीसीसी हा कंपायलर मूळ व्याख्या कुठे झाली तेही सांगतो, आणि वर 'इन फाइल इन्क्लुडेड फ्रॉम' अशी साखळी देतो. त्या साखळीत आपल्या कोडमधली शेवटची ओळ कोणती, हे शोधणे महत्त्वाचे असते, कारण टक्कर देणारा हेडर बहुधा आपण थेट घेतलेलाच नसतो. 'लिनक्स/एफएस.एच' घेतला की त्याच्या पोटातून 'लिनक्स/माउंट.एच' येतो, हे किती जणांच्या लक्षात असते? साखळी अपुरी वाटली तर जीसीसीला मोठ्या लिपीतला '-एच' पर्याय द्यावा. प्रत्येक हेडर किती पातळ्या खोल आहे ते तो टिंबांनी दाखवतो. आणि शोधमार्गांची यादी '-व्ही' देऊन एकदा डोळ्यांखालून घालावी. अनेकदा खरी टक्कर दोन हेडरांची नसतेच. एखाद्या मेकफाइलमध्ये कोणीतरी कर्नलच्या सोर्सचा 'इन्क्लुड' फोल्डर '-आय' ने घातलेला असतो, आणि साधनात कर्नलचे अंतर्गत हेडर शिरलेले असतात. अशा वेळी खालच्यापैकी कोणताही उपाय नको. तो मार्ग काढून टाकावा, आणि हेडर हवेच असतील तर कर्नलच्या सोर्समध्ये 'मेक हेडर्स_इन्स्टॉल' चालवून निघणारे स्वच्छ हेडर घ्यावेत.

क्रम बदलणे

हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि म्हणूनच सर्वांत जास्त वापरला जातो. लायब्ररीचे हेडर वर, कर्नलचे खाली, एवढा नियम पाळला की ग्लिबसीवरच्या नेटवर्कसंबंधी बऱ्याच तक्रारी थांबतात. एका माणसाच्या, एका डिस्ट्रिब्युशनवर चालणाऱ्या साधनाला तो पुरतो.

पण त्याचा पाया कच्चा आहे, आणि तो कसा ढासळतो याचे एक उदाहरण जवळून पाहण्याजोगे आहे. बहुतेक संघ आज कोडची मांडणी क्लँग-फॉरमॅटवर सोपवतात. हे साधन सलग ओळींतले इन्क्लुड वर्णक्रमाने लावते. इंग्रजी वर्णक्रमात 'लिनक्स'चे एल हे 'नेट'च्या एनच्या आधी येते. म्हणजे ज्या क्रमाने टक्कर होते, नेमका तोच क्रम हे साधन निष्ठेने लावून देते, आणि मांडणी सुधारण्यासाठी केलेल्या कमिटने बिल्ड मोडते. दोन गटांमध्ये एक रिकामी ओळ सोडली तर मूळ एलएलव्हीएम शैलीत ते गट वेगळे राहतात. पण गूगल शैली गटांची फेरमांडणी करते, त्यामुळे तिथे तेवढाही आधार नाही. क्रमावर अवलंबून राहायचेच असेल तर त्या ओळींभोवती फॉरमॅटिंग बंद करण्याची टिप्पणी घालावी आणि कारण तिथेच लिहावे.

शिवाय काही टकरी अशा असतात की कोणताच क्रम चालत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये आलेल्या ग्लिबसी २.३६ ने 'सिस/माउंट.एच'मध्ये माउंटच्या नव्या सिस्टिम कॉलांच्या घोषणा घातल्या, आणि त्यामुळे ती फाइल 'लिनक्स/माउंट.एच'शी दोन्ही बाजूंनी भिडली. लायब्ररीचा हेडर आधी घेतला तर 'एनम एफएसकॉन्फिग_कमांड' दोनदा घोषित होत असे. कर्नलचा आधी घेतला तर आणखी वेगळाच प्रकार होई: ग्लिबसीत 'एमएस_आरडीओन्ली' हे एनममधले एक नाव आहे, तर कर्नलमध्ये तेच नाव मॅक्रो आहे आणि त्याची किंमत १ आहे; त्यामुळे प्रीप्रोसेसरच्या हातून गेल्यावर 'एमएस_आरडीओन्ली = १' या ओळीचे '१ = १' होई, आणि 'आकड्याआधी नाव अपेक्षित होते' अशा अर्थाची तक्रार कंपायलर करी. सिस्टिमडीपासून बीटीआरएफएस-प्रॉग्सपर्यंत कित्येक प्रकल्पांना त्या वेळी कोड बदलावा लागला. पुढे ग्लिबसीनेच हे सावरले, पण मूळ २.३६ ज्यांच्या टूलचेनमध्ये गोठलेली आहे त्यांना ही अडचण आजही लागू आहे.

हाताने व्याख्या लिहिणे

दुसरा रूढ मार्ग म्हणजे कर्नलचा हेडर घ्यायचाच नाही, आणि हवी ती दोन-तीन नावे 'इफएनडेफ'च्या ('हे नाव आधी नसेल तरच' या प्रीप्रोसेसरच्या अटीच्या) आडोशाने आपल्याच कोडमध्ये लिहायची. साधे आकडे असलेल्या फ्लॅगसाठी हे निर्धोक आहे, कारण यूएपीआयमधली किंमत एकदा ठरली की कर्नल ती बदलत नाही. रचनांसाठी मात्र हे चालत नाही. प्रीप्रोसेसरला मॅक्रो दिसतात. स्ट्रक्ट, एनम आणि फंक्शन दिसत नाहीत. त्यामुळे आडोसा आहे असे आपल्याला वाटते, पण तो नसतोच. फंक्शनच्या बाबतीत याचा अनुभव २०१९ मध्ये अनेकांनी घेतला: ग्लिबसी २.३० मध्ये 'गेटटीआयडी' प्रथमच लायब्ररीत आले, आणि ज्यांनी तोवर त्याच नावाचे स्वतःचे स्टॅटिक फंक्शन लिहून काम भागवले होते त्यांचे बिल्ड मोडले. म्हणून या वाटेने जाणाऱ्याने एकच पथ्य पाळावे: आपल्या प्रत्येक व्याख्येला आपल्या प्रकल्पाचा उपसर्ग लावावा. कर्नलचे किंवा लायब्ररीचे नाव आपल्या कोडमध्ये जसेच्या तसे घोषित करणे म्हणजे पुढच्या आवृत्तीतल्या टकरीची तारीख तेवढी ठरायची बाकी ठेवणे होय.

याच्या उलट जातीची एक अडचणही इथेच नोंदवतो, कारण तिची लक्षणे टकरीसारखी दिसतात. 'मेजर', 'मायनर' आणि 'मेकडेव्ह' हे मॅक्रो पूर्वी 'सिस/टाइप्स.एच'मधून आपोआप मिळत, ग्लिबसी २.२८ पासून ते मिळत नाहीत आणि 'सिस/सिसमॅक्रोज.एच' स्पष्टपणे घ्यावा लागतो. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ मध्ये हीच आवृत्ती आहे, त्यामुळे ७ वरून ८ वर येणाऱ्या जुन्या साधनांना हे हमखास लागते. उपाय एका ओळीचा आहे.

वेगळी सी फाइल

माझ्या मते बहुतेकांनी निवडावा तो हा मार्ग. कर्नलचा हेडर घेणारी एकच सी फाइल ठेवायची, त्या फाइलमध्ये लायब्ररीचा टक्कर देणारा हेडर येऊ द्यायचा नाही, आणि उर्वरित साधनाशी तिचे बोलणे दोन-तीन लहान फंक्शनांतून करायचे. टक्कर एकाच फाइलच्या कंपाइलमध्ये होते. दोन हेडर एका फाइलमध्ये कधी भेटलेच नाहीत तर क्रमाचा, आवृत्तीचा किंवा मसल-ग्लिबसी या भेदाचा प्रश्नच उरत नाही.

सिरियल पोर्टचे उदाहरण घेऊ, कारण पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात ते रोजचे आहे. एखाद्या यंत्राच्या नियंत्रकाचा वेग २,५०,००० बॉड आहे. 'टर्मिऑस.एच'मध्ये ठरावीक वेगांचीच स्थिर नावे आहेत आणि त्यांत हा वेग नाही. कर्नलमध्ये यासाठी 'टर्मिऑस२' ही रचना आणि 'बॉदर' हा फ्लॅग आहे, पण ते 'एएसएम/टर्मबिट्स.एच'मध्ये आहेत, आणि त्याच हेडरमध्ये कर्नलची स्वतःची 'स्ट्रक्ट टर्मिऑस' सुद्धा आहे. दोन्ही हेडर एका फाइलमध्ये घेतले की बिल्ड थांबते. वेगळ्या फाइलमध्ये केवळ 'एएसएम/टर्मबिट्स.एच' आणि आयओसीटीएल या उपकरणाला आज्ञा देणाऱ्या कॉलची घोषणा घेऊन 'टीसीगेट्स२' ने चालू स्थिती वाचायची, वेग बदलायचा आणि 'टीसीसेट्स२' ने परत लिहायची. बाहेर दिसणारे फंक्शन फाइल डिस्क्रिप्टर आणि वेग असे दोनच पूर्णांक घेईल.

ते फंक्शन पूर्णांकच घेईल, हा या मार्गाचा गाभा आहे. कोणाला सोयीसाठी त्यातून 'स्ट्रक्ट टर्मिऑस'चा पॉइंटर पाठवण्याचा मोह झाला तर कंपायलर किंवा लिंकर कोणीही अडवणार नाही, कारण दोन्ही फायलींत ते नाव वैध आहे. पण एक्स८६ वर कर्नलच्या रचनेत नियंत्रण-अक्षरांच्या १९ जागा आहेत आणि ग्लिबसीच्या रचनेत ३२. एकीचा आकार ३६ बाइट, दुसरीचा ६०. कर्नलच्या व्याख्येने राखलेल्या ३६ बाइटांच्या जागेत लायब्ररीचे फंक्शन ६० बाइटांची रचना भरायला गेले तर शेजारची स्मृती बिघडते, आणि तो दोष बिल्डच्या वेळी न दिसता कारखान्यात यंत्र चालू असताना दिसतो. कंपायलरची तक्रार त्यापेक्षा कितीतरी बरी. म्हणून सीमेवरून कर्नलची किंवा लायब्ररीची कोणतीही रचना पलीकडे जाऊ देऊ नये, आणि आकार गृहीत धरलाच असेल तर तो स्टॅटिक असर्टने, म्हणजे बिल्डच्या वेळीच, तपासावा.

या मार्गाची किंमत म्हणजे थोडा जास्तीचा कोड आणि शिस्त. जिथे कर्नलच्या रचना साधनाच्या प्रत्येक कोपऱ्यात वापरल्या जातात, उदाहरणार्थ नेटलिंकवर (नेटवर्कबाबत कर्नलशी संदेशांनी बोलण्याच्या मार्गावर) उभे असलेले साधन, तिथे प्रत्येक रचनेला आवरण लिहिणे परवडत नाही. तिथे पुढचा मार्ग पाहावा.

स्वतःची प्रत, की टूलचेनचे हेडर?

नेटवर्क हाताळणारे आयपीरूट२ आणि सिस्टिम कॉल टिपणारे स्ट्रेस ही दोन्ही साधने यूएपीआय हेडरची प्रत आपल्या सोर्समध्येच ठेवतात. त्यांची गरज उघड आहे: ज्या यंत्रावर बिल्ड होते त्यावरचे हेडर दोन-तीन वर्षे जुने असू शकतात, आणि साधनाला मात्र चालू कर्नलच्या सुविधा ओळखायच्या असतात. प्रत सोबत असली की उबुंटू २२.०४ वरचे बिल्ड आणि रेड हॅट ९ वरचे बिल्ड एकाच व्याख्यांवर होते. परवान्याचीही अडचण येत नाही, कारण यूएपीआय हेडरवर वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमना मोकळीक देणारी स्वतंत्र टीप असते.

मात्र प्रत ठेवल्याने लायब्ररीशी होणारी टक्कर मिटत नाही. तिचे स्वरूप फक्त स्थिर होते. आज जी टक्कर होते तीच उद्याही होईल, त्यामुळे ती एकदा सोडवून ठेवता येते. दुसरी बाब म्हणजे प्रत अर्धवट घेऊ नये. एखादाच 'लिनक्स/इफ_लिंक.एच' उचलून आणला आणि तो ज्यावर उभा आहे ते हेडर यंत्रावरचे जुने राहिले, तर नवीच विसंगती निर्माण होते. 'हेडर्स_इन्स्टॉल'मधून निघालेला लागतील तेवढ्या फायलींचा संच एकाच कर्नल आवृत्तीतून घ्यावा, ती आवृत्ती कमिटमध्ये लिहावी, आणि त्या फायलींना हाताने कधीही स्पर्श करू नये. हे काम दर काही महिन्यांनी करणारा माणूस संघात नसेल तर हा मार्ग निवडू नये. तिसरी बाब अनेकदा निसटते: हेडर नवा आला म्हणून कर्नल नवा होत नाही. जुन्या बोर्डावर नवा सिस्टिम कॉल 'ईएनओसिस' (असा कॉल नाही) देईल, अनोळखी आयओसीटीएल बहुधा 'ईएनओटीटीवाय' (ही आज्ञा इथे लागू नाही) देईल, आणि या दोन्ही उत्तरांसाठी साधनात वाट ठेवावीच लागेल.

याच्या शेजारी टूलचेनचा मार्ग ठेवून पाहावा. बिल्डरूट किंवा त्याच जातीचे योक्टो वापरणाऱ्यांना वाटते की हेडरची आवृत्ती वाढवली की प्रश्न मिटेल. कधी मिटतोही, पण त्या हेडरवर फक्त आपले साधन उभे नसते, सी लायब्ररीही त्यांवरच बांधली जाते. टूलचेनमधले हेडर बोर्डावर प्रत्यक्ष चालणाऱ्या कर्नलपेक्षा नवे असू नयेत, हा बिल्डरूटचा नियम त्यासाठीच आहे. एका साधनापायी अख्ख्या टूलचेनचा पाया हलवण्यापेक्षा त्या साधनाने आपली प्रत बाळगणे स्वस्त पडते. आणि लॅपटॉपवरचे '/यूएसआर/इन्क्लुड' क्रॉस-कंपाइलच्या शोधमार्गात घालून काम साधण्याचा विचारही करू नये; बिल्डरूट त्याला 'अनसेफ' म्हणून अडवतो ते उगाच नाही, कारण त्यातून बिल्ड पार पडले तरी रचनांचे आकार दुसऱ्याच प्रोसेसरचे असू शकतात.

बीपीएफवर (कर्नलच्या आत लहान प्रोग्रॅम चालवण्याच्या सोयीवर) आधारलेल्या साधनांचा प्रश्न थोडा निराळा आहे. तिथे बीपीएफटूलने कर्नलच्या बीटीएफमधून (त्याच्या रचनांच्या नोंदीतून) काढलेली 'व्हीएमलिनक्स.एच' ही एकच फाइल घेतात, आणि तिच्यासोबत 'लिनक्स/'मधले हेडर घेतले की पुन्हा टक्कर होते. तिच्यात मॅक्रो नसतात, तेव्हा लागणारे चार-दोन आकडे उपसर्ग लावून हाताने लिहावेत. हाताने लिहिण्याचा मार्ग मी बिनशर्त सुचवतो असे हे एकच ठिकाण आहे.

मग कोणी काय निवडावे?

भोसरीतल्या एका यंत्रासाठी, एकाच बोर्डावर चालणारे सिरियलचे साधन असेल तर वेगळी सी फाइल करावी. दुसरा विचार करू नये. विद्यार्थ्याचा प्रकल्प असेल, तो एकाच लॅपटॉपवर चालायचा असेल, तर क्रम बदलून पुढे जायला हरकत नाही, फक्त फॉरमॅटरपासून त्या ओळी जपाव्यात. ग्राहकांच्या वेगवेगळ्या डिस्ट्रिब्युशनवर पाठवायचे नेटवर्क-साधन असेल तर प्रत बाळगावी, आणि बिल्डच्या चाचणीत एक ग्लिबसीचे व एक अल्पाइनचे कंटेनर ठेवावे, म्हणजे दोन्ही लायब्ररींवरच्या टकरी ग्राहकाआधी आपल्याला दिसतील. जुना कोड नुकताच हाती आला असेल आणि मुदत जवळ असेल, तर आज क्रम बदलून बिल्ड चालू करावे, पण त्याच आठवड्यात ते इन्क्लुड वेगळ्या फाइलमध्ये हलवावेत; नंतर त्यासाठी वेळ मिळत नाही.

निवड करताना त्या उपायाची गरज केव्हा संपेल हेही पाहून ठेवावे. २०२५ मध्ये आलेल्या ग्लिबसी २.४२ पासून 'टर्मिऑस.एच'मधूनच कोणताही बॉड वेग देता येतो. ज्यांनी 'टर्मिऑस२'चा कोड एका फाइलमध्ये कोंडला आहे त्यांना, सगळे बोर्ड त्या आवृत्तीवर आले की, ती फाइल काढून तिच्या जागी नेहमीच्या हेडरवर चालणारे चार ओळींचे फंक्शन ठेवता येईल. ज्यांनी क्रमाच्या आधारावर तो कोड साधनभर पसरू दिला आहे त्यांना मात्र प्रत्येक फाइल उघडून पाहावी लागेल.